निकोलो पागानिनी

निकोलो पागानिनी (जन्म : जेनोवा, २७ ऑक्टोबर १७८२, मृत्यू : नीस, २७ मे १८४०) हे इटालियन व्हायोलिनवादक, गिटारवादक आणि संगीतरचनाकार होते. व्हायोलिनच्या वादनतंत्रात त्यांनी घडवून आणलेल्या बदलांमुळे पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. १८२८ ते १८३४ या काळात त्यांनी ऑस्ट्रिया, जर्मनी, पोलंड, फ्रान्स आणि ब्रिटनचे दौरे केले. एका वादकाने केवळ आपल्या वाद्याच्या बळावर गावोगावी मैफली करून कीर्ती व संपत्ती मिळवावी, या प्रथेचे ते पहिले मोठे उदाहरण मानले जातात. हयातीतच त्यांच्याभोवती सैतानाशी केलेल्या कराराच्या आणि तुरुंगवासाच्या दंतकथा निर्माण झाल्या. या दंतकथांनी त्यांच्या मैफलींना गर्दी खेचली; मात्र त्याच दंतकथांचे सावट त्यांच्या दफनावरही पडले. त्यांचे वादन हे श्रेष्ठ संगीत होते की केवळ हातचलाखी, हा वाद समकालीन समीक्षकांमध्ये दीर्घकाळ चालला.

जन्म आणि बालपण

पागानिनी यांचा जन्म तत्कालीन जेनोवा प्रजासत्ताकाच्या राजधानीत एका सामान्य कुटुंबात झाला. वडील आंतोनियो हे बंदरावरील व्यापाराशी संबंधित कामे करीत आणि मॅंडोलिन वाजवून थोडीफार जोडकमाई करीत. आईचे नाव तेरेसा. सहा भावंडांत निकोलो तिसरे होते. वयाच्या पाचव्या वर्षी वडिलांनी त्यांच्या हाती मॅंडोलिन दिले व सातव्या वर्षी त्यांचे व्हायोलिनचे शिक्षण सुरू झाले. वडील अत्यंत कठोर होते आणि मुलाला तासन्‌तास सराव करायला लावीत, असे पागानिनी यांनी पुढे आपल्या चरित्रकारांना सांगितले.

जेनोवातील नाट्यगृहाच्या वाद्यवृंदातील जोव्हान्नी सेर्वेत्तो आणि त्यानंतर सान लोरेन्झो कॅथेड्रलमधील जाकोमो कोस्ता हे त्यांचे आरंभीचे शिक्षक होत. पुढील शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी १७९५ साली जेनोवात त्यांची मैफल झाली आणि वडील त्यांना पार्मा येथील नामांकित वादक आलेस्सांद्रो रोल्ला यांच्याकडे घेऊन गेले. रोल्ला त्या वेळी आजारी होते. शेजारच्या खोलीत ठेवलेली त्यांची नवी रचना या मुलाने पाहताक्षणी वाजवून दाखवली, अशी हकिगत सांगितली जाते. रोल्ला यांनी त्यांना फेर्दिनांदो पाएर यांच्याकडे पाठवले. पाएर आणि त्यांचे गुरू गास्पारो गिरेत्ती यांच्याकडे पागानिनी यांनी संगीतरचनेचे शिक्षण घेतले. १७९६ मध्ये फ्रेंच सैन्याने उत्तर इटलीत आक्रमण केले. त्या अस्थिर काळात हे कुटुंब शहराजवळच्या खेड्यातील आपल्या घरी राहण्यास गेले.

शिक्षकांकडून मिळालेल्या शिक्षणाइतकाच जुन्या ग्रंथांचा प्रभाव त्यांच्यावर पडला. इटालियन वादक प्येत्रो लोकातेल्ली यांनी १७३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहात व्हायोलिनसाठी चोवीस अतिशय अवघड स्वैर रचना होत्या. पागानिनी यांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला होता. त्यांच्या तंत्राची काही बीजे अशी जुन्या परंपरेतच होती.

लुक्का येथील दरबार

१८०१ मध्ये पागानिनी वडिलांच्या देखरेखीतून सुटून लुक्का येथे गेले. सांता क्रोचेच्या उत्सवातील वादनाने त्यांनी तेथे लौकिक मिळवला व लुक्का प्रजासत्ताकाच्या वाद्यवृंदात प्रमुख व्हायोलिनवादकाचे पद त्यांना मिळाले. स्वतंत्र झालेल्या या तरुणाला याच काळात जुगाराचे व्यसन जडले. लिव्होर्नो येथे मैफलीसाठी गेले असता त्यांच्याकडे वाद्य नव्हते. तेथील एका हौशी व्यापाऱ्याने आपले मौल्यवान व्हायोलिन त्यांना वाजवायला दिले आणि वादन ऐकल्यावर ते परत घेण्यास नकार दिला, असे पागानिनी स्वतः सांगत. क्रेमोना येथील कारागीर जुझेप्पे ग्वार्नेरी यांनी १७४३ मध्ये बनवलेले हे वाद्य होते. त्याच्या भारदस्त आवाजामुळे पागानिनी त्याला ‘कान्नोने’, म्हणजे तोफ, म्हणत. हे वाद्य त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले.

१८०५ मध्ये नेपोलियनने लुक्काचा कारभार आपली बहीण एलिझा हिच्या हाती सोपवला. पागानिनी तिच्या दरबारात वादक झाले आणि तिचे पती फेलिचे बाचोक्की यांना ते व्हायोलिन शिकवू लागले. दरबारातील एका स्त्रीसाठी त्यांनी केवळ दोन तारांवर वाजवायची एक रचना केली. जाड तारेने पुरुषाचा व बारीक तारेने स्त्रीचा आवाज साधून त्यांनी त्यात प्रेमिकांचा संवाद उभा केला होता. ती ऐकून एलिझाने एकाच तारेवर रचना करता येईल का, असे विचारले आणि त्यातून ‘नेपोलियन’ नावाचा एका तारेवरचा सोनाटा जन्मला, अशी पागानिनी यांनी दिलेली माहिती आहे. एका तारेवरचे वादन ही पुढे त्यांच्या मैफलींची ओळख ठरली. १८०९ च्या अखेरीस त्यांनी दरबारी नोकरी सोडली. त्यानंतर पार्मा येथील अल्प काळ वगळता त्यांनी कोणाचीही चाकरी केली नाही.

इटलीतील दौरे

पुढील सुमारे अठरा वर्षे पागानिनी इटलीतच फिरत राहिले. २९ ऑक्टोबर १८१३ रोजी मिलान येथील ला स्काला नाट्यगृहात झालेल्या मैफलीने त्यांची कीर्ती देशभर पसरली. या मैफलीत त्यांनी ‘ले स्त्रेगे’ (चेटकिणी) ही रचना सादर केली. मिलानमध्ये गाजलेल्या एका बॅलेतील सुरावटीवर ती बेतलेली होती.

१८१६ मध्ये फ्रेंच वादक शार्ल फिलिप लाफों यांच्याबरोबर मिलान येथे त्यांचे स्पर्धात्मक वादन झाले. श्रोत्यांचा कल पागानिनी यांच्याकडे होता. मात्र आपण हरलो हे लाफों यांनी मान्य केले नाही. १८१८ मध्ये पोलिश वादक कारोल लिपिन्स्की यांच्यासह त्यांनी प्याचेन्झा येथे वादन केले. संगीतरचनाकार रॉसिनी यांच्याशी त्यांची मैत्री होती. १८२१ मध्ये रोम येथे रॉसिनी यांच्या ‘मातिल्दे दी शाब्रान’ या संगीतिकेच्या पहिल्या प्रयोगाचे संचालन पागानिनी यांनी केले. १८२७ मध्ये पोप लिओ बारावे यांनी त्यांना ‘गोल्डन स्पर’ हा किताब दिला.

गायिका आंतोनिया ब्यांकी यांच्याशी असलेल्या सहजीवनातून १८२५ मध्ये पालेर्मो येथे त्यांना आकिल्ले हा मुलगा झाला. १८२८ मध्ये हे दोघे विभक्त झाल्यावर मुलाचा ताबा पागानिनी यांनी आपल्याकडे घेतला आणि पुढील बहुतेक दौऱ्यांत त्याला बरोबर ठेवले. याच सुमारास त्यांची प्रकृती खालावत गेली. उपदंशाच्या निदानानंतर त्यांच्यावर पारा आणि अफू यांचे उपचार करण्यात आले व त्या उपचारांचेही दुष्परिणाम त्यांना भोगावे लागले. ऑस्ट्रियाचे मंत्री मेटर्निच यांनी व्हियेनाला येण्याचे निमंत्रण बऱ्याच आधी दिले होते. परंतु आजारपणामुळे हा प्रवास लांबत गेला.

व्हियेना आणि मध्य युरोप

२९ मार्च १८२८ रोजी व्हियेना येथे पागानिनी यांची इटलीबाहेरची पहिली मोठी मैफल झाली. तेव्हा त्यांचे वय ४५ होते. व्हियेनातील त्यांच्या मैफलींची संख्या पुढे चौदापर्यंत गेली. शहरात त्यांच्या नावाच्या टोप्या व हातमोजे विकले जाऊ लागले. तिकिटाच्या किमतीवरून पाच गुल्डनच्या नोटेला लोक ‘पागानिनर्ल’ म्हणू लागले. सम्राटांनी त्यांना दरबारी वादकाची मानद उपाधी दिली.

त्यांच्या या पहिल्या मैफलीच्या तीनच दिवस आधी, २६ मार्च रोजी, त्याच शहरात फ्रान्झ शूबर्ट यांनी केवळ स्वतःच्या रचनांची मैफल केली होती. शूबर्ट यांच्या हयातीतील अशी ती एकमेव सार्वजनिक मैफल होय. परंतु पागानिनी यांच्या गाजावाजात तिची दखल वृत्तपत्रांनी जवळजवळ घेतलीच नाही. तरीही त्या मैफलीतून हाती आलेल्या पैशांतून शूबर्ट यांनी तिकीट काढून पागानिनी यांचे वादन ऐकले व आपल्या मित्रालाही ऐकवले. वादनातील संथ भागाने ते विशेष भारावले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शूबर्ट यांचे निधन झाले.

प्राग येथे पागानिनी यांच्या खालच्या जबड्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांना दात गमवावे लागले. गालफडे बसलेला, फिकट व कृश चेहरा हे त्यांचे पुढे प्रसिद्ध झालेले रूप बहुतांशी या आजारांचा परिणाम होते. १८२९ मध्ये त्यांनी बर्लिन गाजवले. त्याच वर्षी रशियाचे झार निकोलस पहिले यांच्या पोलंडच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने ते वॉर्सा येथे गेले. तेथे एकोणीस वर्षांच्या फ्रेडरिक शोपॅं यांनी त्यांना ऐकले. १८३० च्या ईस्टरमध्ये फ्रांकफुर्ट येथील मैफलीला कायद्याचे विद्यार्थी असलेले रॉबर्ट शूमान उपस्थित होते. त्यानंतर काही महिन्यांतच शूमान यांनी कायद्याचे शिक्षण सोडून संगीताला वाहून घेतले.

पॅरिस आणि लंडन

९ मार्च १८३१ रोजी पॅरिसच्या ऑपेरामध्ये पागानिनी यांचे पहिले वादन झाले. चित्रकार दलाक्रवा यांनी त्याच वर्षी त्यांचे छोटेसे तैलचित्र काढले. त्यात काळोख्या पार्श्वभूमीवर वाकडी झालेली कृश आकृती आणि व्हायोलिनवर झुकलेला चेहरा एवढेच दिसते. त्याआधी १८१९ मध्ये अ‍ॅंग्र यांनी काढलेल्या रेखाचित्रात मात्र ते शांत, नीटनेटके गृहस्थ दिसतात. एकाच माणसाच्या या दोन प्रतिमांमध्ये बारा वर्षांचा आजार आणि कीर्ती यांचे अंतर आहे.

लंडन येथे त्यांनी तिकिटांचे दर नेहमीच्या दुप्पट ठेवले. त्यावर वृत्तपत्रांतून टीकेची झोड उठल्याने पहिली मैफल पुढे ढकलावी लागली आणि दर उतरवून ३ जून १८३१ रोजी ती किंग्ज थिएटरमध्ये झाली. त्यानंतर इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमधील लहानमोठ्या शहरांत त्यांनी घोडागाडीने प्रवास करून मैफली केल्या. पैशाच्या लोभाचा आरोप त्यांच्यावर येथून पुढे सतत होत राहिला. १८३२ मध्ये पॅरिसमध्ये कॉलऱ्याची साथ असताना अनेक सधन लोक शहर सोडून गेले. त्या वेळी पागानिनी यांनी रुग्णांच्या मदतीसाठी मैफल केली. १८३४ मध्ये पूरग्रस्तांसाठीच्या मैफलीत वाजवण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा समीक्षक झ्यूल जानॅं यांनी त्यांच्यावर वृत्तपत्रातून कडक टीका केली. या दोन घटनांपैकी दुसरीच लोकांच्या अधिक लक्षात राहिली.

वादनशैली आणि तंत्र

पागानिनी यांच्या वादनातील बहुतेक चमत्कारांमागे निश्चित स्वरूपाचे तंत्र होते. त्यातील प्रमुख बाबी पुढीलप्रमाणे आहेत.

डाव्या हाताने तार छेडणे : व्हायोलिनवर डाव्या हाताची बोटे सूर दाबण्याचे आणि उजव्या हातातील गज सूर काढण्याचे काम करतो. पागानिनी गज चालू असतानाच डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांनी तारा छेडीत. त्यामुळे एकाच वेळी दोन वाद्ये वाजत असल्याचा भास होई.

बासरीसारखे सूर : तारेवर बोट घट्ट न दाबता हलकेच टेकवले असता उंच आणि पोकळ सूर निघतो. असे सूर एकाच वेळी दोन तारांवर काढून त्यांत धून वाजवणे ही पागानिनी यांची खासियत होती.

तारांची वेगळी जुळणी : भारतीय संगीतात वादक आपल्या षड्जाप्रमाणे तारा लावतो; पाश्चात्त्य व्हायोलिनची जुळणी मात्र ठरलेली असते. पागानिनी यांनी आपल्या पहिल्या कॉन्चेर्तोसाठी (वाद्यवृंदाच्या साथीने एका वाद्यासाठी केलेली रचना) चारही तारा अर्ध्या स्वराने चढ्या लावल्या. वाद्यवृंदाला अवघड वाटणाऱ्या स्वरपट्टीत त्यांची बोटे सोप्या जागी फिरत आणि ताणलेल्या तारांमुळे त्यांचा सूर वाद्यवृंदावर तळपत राही.

उसळता गज : गज तारेवर टाकून त्याच्या स्वाभाविक उसळीतून एकाच हालचालीत अनेक सूर काढण्याची पद्धत त्यांनी पूर्णत्वास नेली.

ते स्वरलिपी समोर न ठेवता वाजवीत, ही बाबदेखील त्या काळी नवलाची होती. त्यांची बोटे आणि सांधे विलक्षण लवचीक होते. त्यांचे परिचित डॉक्टर फ्रांचेस्को बेन्नाती यांनी १८३१ मध्ये त्यांच्या शरीररचनेवर निबंध लिहिला. सैतानाऐवजी शरीरशास्त्राच्या आधारे त्यांच्या कौशल्याचा उलगडा करण्याचा तो पहिला महत्त्वाचा प्रयत्न होता. आधुनिक काळात त्यांना सांध्यांच्या ऊतींशी संबंधित आनुवंशिक विकार असावा, असा तर्क काही वैद्यकीय अभ्यासकांनी मांडला आहे.

पागानिनी आपले तंत्र जपून ठेवीत. तालमीत स्वतःचा भाग आला की ते मोजकेच सूर वाजवीत आणि मैफल संपल्यावर वाद्यवृंदाची स्वरलिपीची पाने गोळा करून नेत. फ्रांकफुर्टचे वाद्यवृंद संचालक कार्ल गूर यांनी त्यांच्या मैफली वारंवार ऐकून व पाहून त्यांच्या तंत्रावर १८२९ मध्ये पुस्तक लिहिले.

रचना

हयातीत पागानिनी यांनी स्वतःच्या फार थोड्या रचना प्रसिद्ध होऊ दिल्या. एकट्या व्हायोलिनसाठीच्या ‘चोवीस काप्रिची’ मिलानच्या रिकॉर्दी या प्रकाशनसंस्थेने १८२० मध्ये प्रसिद्ध केल्या. हा संग्रह त्यांनी कोणा राजाला किंवा आश्रयदात्याला नव्हे, तर कलावंतांना अर्पण केला. त्यातील प्रत्येक रचना वादनतंत्राच्या एखाद्या प्रश्नाभोवती गुंफलेली आहे आणि तरीही ती केवळ सरावाची पाठमाला होत नाही. विशेष म्हणजे या काप्रिची त्यांनी स्वतः सार्वजनिक मैफलीत वाजवल्याची नोंद आढळत नाही.

व्हायोलिन आणि गिटार यांच्यासाठीचे सोनाटा तसेच गिटारसह चार वाद्यांसाठीच्या रचना त्यांच्या हयातीत छापल्या गेल्या. गिटार ते उत्तम वाजवीत, पण मैफलीत नव्हे. मित्रांच्या सहवासात किंवा एकांतात वाजवण्याचे ते त्यांचे वाद्य होते. पहिला आणि दुसरा कॉन्चेर्तो त्यांच्या मृत्यूनंतर १८५१ मध्ये प्रकाशित झाले. दुसऱ्या कॉन्चेर्तोचा अखेरचा भाग, त्यातील छोट्या घंटेच्या नादामुळे, ‘ला कांपानेल्ला’ या नावाने प्रसिद्ध आहे.

दंतकथा आणि प्रतिवाद

पागानिनी यांनी पत्नीचा किंवा प्रतिस्पर्ध्याचा खून केला, तुरुंगात त्यांच्या व्हायोलिनला एकच तार उरली आणि म्हणून ते एका तारेवर वाजवण्यात तरबेज झाले, अशी कथा युरोपभर पसरली होती. फ्रेंच लेखक स्तांदाल यांनीही रॉसिनी यांच्यावरील आपल्या पुस्तकात त्यांच्या तुरुंगवासाचा उल्लेख केला होता. प्रत्यक्षात १८१५ मध्ये एका तरुणीच्या वडिलांनी केलेल्या तक्रारीवरून त्यांना जेनोवात थोडे दिवस अटकेत राहावे लागले होते. त्याचा खुनाशी किंवा एका तारेशी काही संबंध नव्हता.

१८३१ मध्ये पॅरिसमध्ये तुरुंगातील पागानिनी दाखवणारी चित्रे दुकानांत विकली जाऊ लागली, तेव्हा त्यांनी ‘रव्ह्यू म्युझिकाल’ या नियतकालिकाला सविस्तर पत्र लिहिले. त्याचे संपादक फ्रान्स्वा-जोसेफ फेतिस यांनी त्यासाठी साहाय्य केले. दुसऱ्याच एका वादकाच्या तुरुंगवासाची हकिगत आपल्या नावावर चिकटवण्यात आली आहे, असा खुलासा त्यांनी त्यात केला. व्हियेना येथे ‘ले स्त्रेगे’ वाजवत असताना एका श्रोत्याने सैतानाला आपला हात चालवताना पाहिल्याचे शपथेवर सांगितले होते, असेही त्यांनी नमूद केले. आपला जन्म माणसाच्याच पोटी झाला हे पटवण्यासाठी आईचे पत्र वृत्तपत्रात छापण्याची वेळ त्यांच्यावर आली. मात्र या अफवांमुळे तिकिटे खपतात, हे त्यांना कळत होते. काळा पोशाख, रंगमंचावरील उशिराचे आगमन आणि रचनेला दिलेले चेटकिणींचे नाव यांमुळे दंतकथेला खतपाणीच मिळाले. प्रतिवाद पत्रातून झाला, तो व्यासपीठावरून कधी झाला नाही.

समकालीन समीक्षा

पागानिनी यांच्या वादनावरील समीक्षेत आरंभापासून दोन प्रवाह दिसतात. बर्लिनचे कठोर समजले जाणारे समीक्षक लुडविग रेल्श्टाब यांच्यावर त्यांच्या वादनाचा खोल परिणाम झाला. कवी हाइन्रिख हाइने यांनी हॅम्बुर्ग येथील मैफलीच्या आधारे ‘फ्लोरेंटाइन रात्री’ या १८३६ मधील गद्यकृतीत त्यांचे कल्पनारम्य शब्दचित्र रेखाटले. ते वृत्तान्त म्हणून नव्हे, तर ललित लेखन म्हणून लिहिले गेले होते. तथापि पागानिनी यांच्या प्रतिमेवर त्याचा दीर्घकाळ प्रभाव राहिला.

दुसऱ्या बाजूला लुडविग श्पोर होते. जर्मन व्हायोलिनवादनाच्या संयत परंपरेचे ते अध्वर्यू मानले जात. १८३० मध्ये कासेल येथे त्यांनी पागानिनी यांना ऐकले. त्यांच्या डाव्या हाताचे कौशल्य आणि सुरांचा अचूकपणा श्पोर यांनी मान्य केला. मात्र प्रतिभेबरोबर पोरकटपणा व अभिरुचीचा अभाव यांचे मिश्रण त्यांना खटकले. पियानोवादक इग्नाझ मोशेलेस आरंभी मंत्रमुग्ध झाले, पण वारंवार ऐकल्यावर त्याच त्या युक्त्यांचा त्यांना कंटाळा आला. कवी गटे यांनी १८२९ मध्ये वायमार येथे त्यांचे वादन ऐकले. त्या झगमगाटाखालचा आधार त्यांना सापडला नाही. मात्र पुढे बुद्धीच्या आवाक्याबाहेरील, माणसाला झपाटून टाकणाऱ्या शक्तीचे उदाहरण म्हणून त्यांनी पागानिनी यांचे नाव घेतले. या शक्तीचा सैतानाशी किंवा पापाशी काही संबंध नव्हता. सामान्य श्रोत्यांनी आणि धर्माधिकाऱ्यांनी ही सीमारेषा पाळली नाही.

या वादात रचनाकारांनी घेतलेली भूमिका निर्णायक ठरली. १८३२ मध्ये पॅरिसमध्ये वीस वर्षांच्या फ्रान्झ लिस्ट यांनी पागानिनी यांना ऐकले आणि पियानोवर तोच पल्ला गाठण्यासाठी नव्याने कठोर सराव आरंभला. शूमान यांनी १८३२ आणि १८३३ मध्ये काप्रिचींवर आधारित पियानोरचना केल्या. लिस्ट यांच्या पागानिनीवरील अभ्यासरचना १८३८ मधील होत. १८४० मध्ये लिहिलेल्या मृत्युलेखात लिस्ट यांनी पागानिनी यांच्या कलेला अनन्यसाधारण म्हटले. परंतु त्यांच्या आत्मकेंद्रितपणावर टीका करून भावी कलावंताने वादनकौशल्याकडे साध्य म्हणून नव्हे तर साधन म्हणून पाहावे, अशी अपेक्षा मांडली.

बेर्लिओझ यांच्याशी संबंध

१८३३ च्या अखेरीस पॅरिसमध्ये पागानिनी यांची भेट रचनाकार हेक्टर बेर्लिओझ यांच्याशी झाली. आपल्या जवळच्या स्ट्राडिव्हारी बनावटीच्या व्हिओलासाठी (व्हायोलिनहून थोडे मोठे, खालच्या आवाजाचे वाद्य) रचना करण्याची विनंती त्यांनी बेर्लिओझ यांना केली. त्यातून ‘हॅरल्ड इन इटली’ ही १८३४ मधील सिंफनी निर्माण झाली. मात्र तिच्यात व्हिओलाला पुरेसे काम नाही म्हणून पागानिनी यांनी ती वाजवली नाही. १६ डिसेंबर १८३८ रोजी त्यांनी ती प्रथम ऐकली. तोपर्यंत त्यांचा आवाज गेला होता. मैफलीनंतर सर्व वादकांसमक्ष त्यांनी बेर्लिओझ यांच्यापुढे गुडघे टेकले आणि दोन दिवसांनी त्यांना २०,००० फ्रँक पाठवले. या पैशामुळे कर्जमुक्त झालेल्या बेर्लिओझ यांनी ‘रोमिओ आणि ज्यूलिएट’ ही सिंफनी रचून पागानिनी यांना अर्पण केली. ज्याच्यावर सर्वत्र कंजूषपणाचा आरोप होत होता, त्याच्या हातून हे घडले. ही सिंफनी ऐकण्याची संधी मात्र पागानिनी यांना मिळाली नाही.

अखेरची वर्षे

१८३४ मध्ये पागानिनी इटलीत परतले. पार्मा येथे डचेस मारी लुईझ यांच्या दरबारी वाद्यवृंदाची पुनर्रचना करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. त्यांच्या शिस्तप्रिय योजनांना दरबारातून विरोध झाल्याने १८३६ मध्ये त्यांनी ते सोडले. पॅरिसमध्ये त्यांच्या नावाने १८३७ मध्ये संगीत आणि करमणुकीचे एक केंद्र उघडण्यात आले. जुगाराचा परवाना न मिळाल्याने तो व्यवसाय लवकरच बुडाला आणि पागानिनी यांना खटल्यांना तोंड द्यावे लागले. स्वरयंत्राच्या विकारामुळे १८३८ च्या सुमारास त्यांचा आवाज पूर्णपणे गेला. मुलगा आकिल्ले त्यांच्या ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखून ते इतरांना सांगत असे.

मृत्यू आणि दफनाचा वाद

प्रकृतीसाठी मानवणाऱ्या हवेच्या शोधात पागानिनी मार्सेलमार्गे नीस येथे आले. नीस तेव्हा सार्डिनियाच्या राज्यात होते. बिशपने पाठवलेल्या धर्मगुरूला त्यांनी अंत्यसंस्कारासाठी परत पाठवले. आपला शेवट इतक्यात नाही असे त्यांना वाटत होते, असे सांगितले जाते. २७ मे १८४० रोजी त्यांचे निधन झाले. अखेरचे धार्मिक विधी नाकारल्याचे कारण देऊन बिशप दोमेनिको गाल्व्हानो यांनी पवित्र भूमीत दफनाला परवानगी नाकारली. सैतानाच्या जुन्या अफवांनी या नकाराला लोकांच्या नजरेत बळ दिले.

रसायने भरून टिकवलेला मृतदेह प्रथम राहत्या घरी व नंतर व्हिलफ्रांश येथील संसर्गरोग्यांच्या इमारतीत ठेवण्यात आला. आकिल्ले यांनी धर्मपीठाकडे वर्षानुवर्षे अर्ज केले. १८४४ मध्ये शवपेटी जेनोवाकडे नेण्यात आली आणि त्यानंतर पार्माजवळील गायोने येथील त्यांच्या मालमत्तेत ठेवण्यात आली. पार्मा येथील दफनभूमीत तिला जागा मिळण्यास १८७६ साल उजाडले. म्हणजे मृत्यूनंतर ३६ वर्षे हा प्रश्न रेंगाळला. १८९६ मध्ये पार्मा येथीलच व्हिल्लेत्ता दफनभूमीत त्यांचे अखेरचे स्थलांतर झाले.

वारसा

पागानिनी यांनी आपले ‘कान्नोने’ व्हायोलिन जेनोवा शहराला दिले. ते आजही तेथील दोरिया-तुर्सी प्रासादात जतन केलेले आहे. जेनोवाचेच कामिल्लो सिव्होरी (१८१५–१८९४) हे त्यांचे एकमेव शिष्य म्हणून ओळखले जातात. जेनोवा येथे १९५४ पासून पागानिनी यांच्या नावाने आंतरराष्ट्रीय व्हायोलिन स्पर्धा घेतली जाते. साल्व्हातोरे आक्कार्दो (१९५८) आणि गिडॉन क्रेमर (१९६९) हे तिच्या विजेत्यांपैकी होत.

चोविसाव्या काप्रिचीच्या सुरावटीवर ब्राम्स (१८६२–६३), राखमानिनोव्ह (१९३४) आणि व्हिटोल्ड लुटोस्लाव्स्की (१९४१) यांच्यासह अनेकांनी रचना केल्या. एकेकाळी माणसाच्या आवाक्याबाहेरच्या मानल्या गेलेल्या या चोवीसही काप्रिची मूळ स्वरूपात, साथीविना, रुजिएरो रिची यांनी १९४७ मध्ये प्रथम ध्वनिमुद्रित केल्या. आज त्या जगभरातील संगीत विद्यालयांच्या अभ्यासक्रमात आणि स्पर्धांच्या अटींमध्ये समाविष्ट आहेत. ज्या कौशल्याचे श्रेय समकालीनांनी सैतानाला दिले, ते विद्यार्थी आता सरावाने मिळवतात.